डेटॉलचा वास: ब्लेंडचा, ग्लासचा की पाण्याचा?

मंडळी, सहा स्कॉच ब्लेंड्सच्या (माल्ट आणि ग्रेन व्हिस्की मिसळून केलेल्या) आंधळ्या, म्हणजे नाव लपवून चाखण्याच्या फेरीचे गुण या नोंदीत द्यायचे ठरले होते. ते देत नाही, कारण पत्रकं शेजारी शेजारी मांडली आणि गुणांवरचा विश्वासच उडाला. एकाच खंब्यातून, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढलेले, एकाच दिवशी छोट्या बाटल्यांत भरलेले टीचर्सचे नमुने दोन बैठकांत गेले होते. नाशिकमधल्याच दोन ठिकाणच्या या बैठका. गंगापूर रोडच्या पत्रकांवर आहे 'शेकोटी, मध, साय'. सिडकोच्या पत्रकांवर आहे 'डेटॉल, बँडेज, दवाखाना'. सिडकोत हाच शेरा फिकट स्वरूपात व्हॅट 69 वर आणि ब्लॅक अँड व्हाइटवरही पडला आहे. चवीतले मतभेद आपल्याला नवे नाहीत. पण अख्खी बैठक एका बाजूला आणि दुसरी अख्खी बैठक दुसऱ्या बाजूला, असं झालं की दोष जिभेत शोधायचा नसतो.

म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्या वासावर आहे.

आधी हिशोब, कारण गोम त्यातच आहे. बीआयआय, म्हणजे भारतात बाटलीत भरलेली स्कॉच ब्लेंड 42.8 टक्के अल्कोहोलची असते, जुन्या मापात 75 डिग्री प्रूफ, म्हणजे लेबलावरचं 25 यूपी (अंडर प्रूफ). बीआयओ, म्हणजे मूळ देशातच भरून आलेल्या बाटल्या 40 पासून सुरू होतात. दोन्ही सरळ ओतून शेजारी ठेवल्या तर जास्त कडक असलेली नाकाला वेगळी लागते आणि आपण तो ब्लेंडचा गुण समजतो. म्हणून स्कॉटलंडमधले ब्लेंडर करतात तसं आपणही नोजिंगसाठी, म्हणजे वास पारखण्यासाठी सगळं 20 टक्क्यांवर आणतो. 42.8 च्या 10 मिलीत 11.4 मिली पाणी, 40 च्या 10 मिलीत 10 मिली पाणी. मिसळल्यावर आकारमान किंचित आटतं, पण या कामाला तेवढा फरक चालतो. आता बघा, ग्लासात निम्म्याहून जास्त पाणीच आहे. एवढं पाणी घालून आपण स्वस्त ब्लेंड्समधला बारीक फरक शोधतो, आणि पाण्याचा उल्लेख मात्र पत्रकावर कुठेच नाही.

संशयित तीन होते: माल, ग्लास, पाणी.

माल पहिल्या झटक्यात सुटला, कारण खंबा एकच. बॉटलिंगच्या पाण्यावरही बोट ठेवता येत नाही. बीआयआय माल स्कॉटलंडहून जास्त ताकदीचा, बल्कमध्ये येतो आणि इथे क्षार काढलेल्या पाण्याने 42.8 वर आणला जातो. शिवाय गंगापूर रोडच्या ग्लासातही तोच माल होता.

ग्लासांचा संशय जास्त चिवट निघाला. लिंबाच्या वासाचं डिशवॉश, ओलसर फडक्याने पुसणं आणि प्लायवूडच्या कपाटात उलटे ठेवलेले ग्लास, या तिन्हींचा वास काचेत कोंडतो. मात्र तो साबणाचा, कुबट किंवा सरसाचा असतो, डेटॉलचा नसतो. तरी खात्री करून घेतली. रिकामे ग्लास वीस मिनिटं झाकून ठेवायचे, मग झाकण सरकवून पहिला श्वास घ्यायचा. त्यानंतर साधी व्होडका 20 टक्क्यांवर आणून त्याच ग्लासांत ओतायची. सिडकोच्या ग्लासांत, सिडकोच्या पाण्यासह, व्होडकाला जलतरण तलावासारखा पुसट वास आला. डेटॉल अजिबात नाही. पाण्यात काहीतरी आहे, पण डेटॉल व्हायला त्याला व्हिस्कीतलं काहीतरी लागतं, हे इथे कळलं आणि गाठ सुटायला लागली.

ग्रामपंचायतीत पाणी तपासायला वापरतात ती क्लोरीन मोजणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट, म्हणजे क्लोरोस्कोप, आणली. नळीत खुणेपर्यंत पाणी, वर ओटीचे थेंब, आणि पिवळा रंग पट्टीशी लगेच जुळवायचा. पाच मिनिटं थांबलात तर बांधलेला, म्हणजे इतर पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. हे रसायन विषारी आहे. तपासलेलं पाणी मोरीत, आणि नळी चाखण्याच्या सामानापासून लांब. सिडकोच्या शुद्धीकरण यंत्रातून आलेलं पाणी स्वच्छ पिवळं झालं. गंगापूर रोडचं बिनरंगी राहिलं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असायलाच हवा. भारतीय मानक आयएस 10500 नुसार ग्राहकाच्या टोकाला किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन अपेक्षित आहे, आणि पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की मात्रा वाढवावीच लागते. जलकुंभाजवळच्या घरात तो जास्त मिळतो, लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत जाताना कमी होतो, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडून राहिलं की आणखी उतरतो. प्यायला काहीच अडचण नाही. अडचण व्हिस्कीत आहे. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुरातून माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही धुरकट वासाची रसायनं येतात. बिनपीटच्या मालातही जळवलेल्या ओकमधून थोडे फिनॉलिक पदार्थ उतरतात. क्लोरीन फिनॉलला भेटला की क्लोरोफिनॉल बनतात, आणि नाकाला ते अब्जांशाच्या पातळीवरही कळतात. डेटॉलमधला मुख्य घटक क्लोरोझायलेनॉल हा स्वतःच क्लोरीन जोडलेला फिनॉल आहे. म्हणजे सिडकोकरांनी पत्रकावर जे लिहिलं ते रसायनाच्या दृष्टीनेही अचूक होतं. ज्यांच्या नाकाने तो शब्द शोधला, त्यांचं मनापासून कौतुक. टीचर्समध्ये वास सर्वांत तीव्र का, तेही उलगडलं: तिच्या गाभ्याला आर्डमोरचा पीटेड माल्ट आहे.

मग यंत्र असूनही क्लोरीन आला कसा? यूव्ही दिवा जंतू मारतो, क्लोरीन काढत नाही. आरओच्या पडद्यावरही (मेम्ब्रेनवर) त्यासाठी विसंबायचं नाही. क्लोरीन काढतो तो कार्बन फिल्टर, आणि कार्बन थकला की यंत्र चालू दिसतं, पाणी स्वच्छ दिसतं, पण क्लोरीन आरपार जातो. सर्व्हिसवाले मेम्ब्रेन बदलायचा आग्रह धरतात, कारण तो महाग असतो. आपल्या कामाला स्वस्तातलं कार्बन काडतूस वेळेवर बदलणं जास्त मोलाचं. क्लोरीन पोहोचत राहिला तर मेम्ब्रेनही त्यानेच खराब होतो.

आता उपाय, करून पाहिलेल्या क्रमाने.

उकळणं: रुंद पातेल्यात, झाकण न ठेवता, दहा मिनिटं. ओटीला रंग येत नाही. पण पाणी बेचव होतं. गार झाल्यावर दोन भांड्यांत वरून खाली चार-पाचदा ओतलं की जिवंत होतं.

रात्रभर उघडं ठेवणं: बहुतेक क्लोरीन उडतो, पण स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास पाण्यात बसतो. ते नको.

व्हिटॅमिन सी: हा उपाय सगळ्यांत आवडला. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 2.5 मिलिग्रॅम एस्कॉर्बिक अ‍ॅसिड लागतं. 250 मिलिग्रॅम पूड 100 मिली पाण्यात विरघळवली की त्यातला 1 मिली हा एक लिटर पाण्यातल्या 1 मिलिग्रॅम क्लोरीनचा हिशोब संपवतो. द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवायचं. चघळायच्या गोळ्या चालणार नाहीत, त्यांना संत्र्याचा वास असतो. साधी खाद्य प्रतीची पूडच हवी.

केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट): वायनरीत काम करणाऱ्यांनी सुचवलं, नाशिकमध्ये ते सहज हाताशी येतं. क्लोरीन जातो, पण मात्रा जरा जास्त झाली तर गंधकाचा चटका उरतो, आणि ब्लेंडमधला गंधक शोधतानाच तो आड येतो. बाद.

बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर कुणीही वापरू नये. ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं. बोअरचं पाणीही नको. क्षारांनी तोंडातला पोत बदलतो. सीलबंद पिण्याचं पाणी चालेल, मात्र सगळ्या बैठकांना एकाच ब्रँडचं आणि एकाच बॅचचं.

शेवटी खात्रीसाठी त्रिकोणी चाचणी. माल टीचर्स, दोन पाणी: थेट नळाचं आणि नव्या कार्बनमधून आलेलं. तीन ग्लास, त्यातले दोन सारखे, एक वेगळा; मांडणीचे सहाही क्रम वापरायचे, नाहीतर मधल्या ग्लासवर संशय घ्यायची सवय निकालात शिरते. सहा चाखणाऱ्यांत पाच बरोबर आले तर ते नशिबावर ढकलता येत नाही. इथे कुणाचाच चुकला नाही. शिवाय नळाच्या पाण्याचा ग्लास पंधरा मिनिटं झाकून ठेवल्यावर वास आणखी ठळक झाला, कार्बनच्या पाण्यातला धूर होता तसाच राहिला. खरा पीट आणि पाण्यातून आलेला डेटॉल वेगळे करायची ही घरगुती कसोटी आता आपल्याकडे आहे, आणि याचा आनंद मोठा आहे.

याच कार्बनच्या पाण्यात बाकीचे नमुने झटपट पुन्हा नाकाखालून घातले. व्हॅट 69 मधून दवाखाना गेला, काकवीसारखा गोडवा पुढे आला. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मऊ ग्रेन आणि अगदी तळाला धुराची रेघ. बॅलेंटाइन्स फाइनेस्टमध्ये सफरचंद आणि वेलची केळी. केळ्याचा तो वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. 100 पायपर्सबद्दल एकमत नाही, ते पुढच्या फेरीत. रेड लेबलची मिरी कुठल्याही पाण्यात हलत नाही. गुण मात्र अजून कुणालाच नाहीत.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. व्होडकाचा ग्लास आपण एकदाच, शंका आली म्हणून ठेवला. तो प्रत्येक ट्रेमध्ये, आकडा टाकून, इतरांसारखाच लपवून ठेवायला हवा. त्यावर कुणी 'व्हॅनिला' किंवा 'धूर' लिहिलं तर त्या पत्रकाचं वजन कमी धरायचं, आणि त्यात जलतरण तलावाचा वास आला तर पूर्ण बैठक थांबवायची. पाणी, ग्लास आणि चाखणारा, तिन्हींची तपासणी एकाच ग्लासात होते. जागेसाठी ट्रेमधली एक ब्लेंड कमी करावी लागेल: तीन ब्लेंड आणि एक व्होडका. पीटेड ब्लेंड शेवटी, व्होडका तिच्या आधी कुठेही.

त्यामुळे पुढचा बेतही बदलतो. ठरलं होतं बीआयआय विरुद्ध बीआयओ. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणल्यापासून किमतीतलं अंतर इतकं कमी झालं आहे की हा सामना व्हायलाच हवा. पण आधी सहाही ब्लेंड्स एकाच पाण्यात पुन्हा. बर्फाचा विषयही यातच येतो: नळाच्या पाण्याचा बर्फ म्हणजे तोच क्लोरीन हळूहळू ग्लासात, वर फ्रीझरचा वास. बर्फासह चाखण्याची जी उपफेरी कुणी कुणी मागत होतं, ती उकळलेल्या पाण्याच्या बर्फानेच करू.

ग्लासांबद्दल थोडक्यात. वाईन चाखायचा आयएसओ 3591 चा ग्लास, सुमारे 215 मिलीचा, आपल्या कामाला उत्तम आहे. वाईनमुळे नाशिकमध्ये तो मिळायलाही सोपा. ट्युलिप व्हिस्की ग्लास सुंदर असतात, पण सहाचा संच जुळता मिळत नाही आणि तोंडाचा व्यास बदलला की नोजिंग बदलतं. धुताना बिनवासाचा साबण, गरम पाण्याने भरपूर विसळणं, शेवटचं विसळणं चाचणीच्याच पाण्याने, आणि फडकं न लावता सरळ उभे वाळवणं. रंग लपवायला बाहेरून निळा कागद गुंडाळा. स्कॉचमध्ये कॅरामेल रंग, ई150ए, कायद्याने चालतो, तेव्हा गडद रंगावरून वय किंवा दर्जा ठरवणं चूकच. मोजायला 25 मिलीचा काचेचा सिलिंडर घ्या. मेडिकलमधल्या सिरिंजच्या रबराचा वास 20 टक्क्यांच्या नमुन्यातही कळतो.

तापमान 20 ते 22 अंश. मे महिन्यातल्या दुपारी खोलीच्या तापमानाला ओतलं तर अल्कोहोल नाकात चावतो. डिसेंबरच्या पहाटे ग्लास गप्प बसतो. गार किंवा कोमट पाण्याच्या परातीत नमुना-बाटल्या दहा मिनिटं ठेवल्या की पुरतं.

पुढच्या फेरीची तयारी अशी: सगळ्या बैठकांचं पाणी गंगापूर रोडहून काचेच्या बाटल्यांत भरून जाईल, आणि बैठकीआधी प्रत्येक ठिकाणी ओटी करून रंगाचा आकडा पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा. तोंड साफ करायला साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे. मसाला शेंगदाणे गुणपत्रकं गोळा झाल्यावर. थुंकायचा पेला प्रत्येकाचा वेगळा. आपापला मद्यपरवाना जवळ असू द्या. नाशिकरोडकरांनी नवं कार्बन काडतूस बसवलं असेल तर पहिलं दहा लिटर पाणी सोडून द्यावं, त्यात कोळशाची पूड असते, आणि मग ओटी करून आकडा कळवावा.