सतलजकडून चंद्रेकडे : किन्नौर–स्पितीचा सायकलप्रवास

सिमल्याहून निघून किन्नौरमार्गे स्पितीत शिरायचे आणि कुंझुम ला ही खिंड ओलांडून चंद्रा नदीच्या खोऱ्यातून मनालीकडे उतरायचे, हा मार्ग आम्ही सप्टेंबर महिन्यात सामान लादलेल्या सायकलींवर पूर्ण केला. ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी आधी दिशा ठरवावी, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि तिथून निघालेल्या माणसाला मोजक्याच मुक्कामांत चार हजार मीटरवर झोपण्याची वेळ येते. किन्नौरच्या बाजूने उंची हळूहळू वाढत जाते आणि विरळ हवेची सवय होण्यास शरीराला पुरेसा अवधी मिळतो.

अर्थात सुरुवात फसवी आहे. नारकंड्याला २,७०० मीटरपर्यंत चढून गेल्यावर रस्ता सतलजच्या काठी रामपूरला थेट हजार मीटरवर आणून सोडतो, आणि खरा चढ तिथून सुरू होतो. रामपूर ते टापरी हा टप्पा मला अजिबात आवडला नाही. नाथपा–झाकडी या १,५०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी नदीचे पाणी सत्तावीस किलोमीटरहून लांब बोगद्यात वळवलेले असल्याने मधल्या पात्रात जागोजागी नुसते गोटेच दिसतात आणि रस्त्यावर ट्रकांची धूळ अखंड उडत असते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरी येथे कोसळलेल्या दरडीखाली एक प्रवासी बस गाडली गेली होती. पावसाळ्यात स्पिती कोरडी असते हे खरे असले, तरी तिथे पोहोचण्याचा रस्ता कोरडा नसतो, हे तारखा ठरवताना विसरू नये.

रिकाँग पिओच्या वर, २,९६० मीटरवरील कल्प्याला निदान दोन रात्री काढाव्यात. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे आणि या मार्गावर तो बराचसा पाळता येतो. अपवाद नाकोचा. खाबजवळ स्पिती नदी सतलजला मिळते. तिथला पूल ओलांडला की ३,६६० मीटरवरच्या नाकोपर्यंत अकराशे मीटरहून अधिक चढ आहे आणि त्यावर सावलीला झाडही नाही. माणशी चार लिटर पाणी सोबत घ्यावे, पहाटे निघावे आणि ज्यांना डोकेदुखी जाणवते त्यांनी नाकोला एक दिवस थांबावे. डोकेदुखी, मळमळ आणि झोप न लागणे ही विरळ हवेची नेहमीची लक्षणे होत. परंतु चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो वा दिवस, ताबडतोब खाली उतरणे हाच उपाय आहे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

सुमडोच्या तपासणी नाक्यावर ओळखपत्र लागते. भारतीयांना परवाना लागत नाही. विदेशी सोबती असेल तर त्याने इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्याची परवानगी, रिकाँग पिओ किंवा स्पितीतील काझा येथे काढून घ्यावी.

ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला आहे. बाहेरून मातीच्या बसक्या भिंतींपलीकडे काही दिसत नाही, म्हणून अनेकजण फाटकातूनच परततात. आत मात्र अंधाराला डोळे सरावले की भिंतीभर चित्रे उमटू लागतात. आत छायाचित्रणास मनाई आहे. पुढचे काझ्यापर्यंतचे ४७ किलोमीटर या मार्गावरील सर्वांत सुखाचे आहेत. दुपारनंतर वारा दरीच्या मुखाकडून वर वाहतो, म्हणजे लोसरच्या दिशेने जाणाऱ्याला तो पाठीमागून मिळतो. हाच वारा पुढे चंद्रेच्या खोऱ्यात उतरताना तोंडावर येतो. तिथले अंतर सकाळीच कापावे.

पैसे, औषधे आणि किरकोळ दुरुस्ती यांची सोय काझ्यातच उरकावी. तिथून मुख्य रस्त्याऐवजी की, किब्बर आणि चिचमच्या पुलावरून लोसरला जाणारी वाट घ्यावी. चढ अधिक आहे, पण वाहने कमी आहेत.

लोसर ते कुंझुम ला (सुमारे ४,५५० मीटर) अंदाजे अठरा किलोमीटर आहे आणि चढ बेताचा आहे. प्रश्न सुरू होतो तो पलीकडे. बातल ते ग्राम्फू या सुमारे पन्नास किलोमीटरांत रस्ता म्हणजे बहुतांशी गोलाकार दगडांचा थर आहे आणि त्यावरून हिमनद्यांचे नाले वाहतात. सकाळी सातला घोट्यापर्यंत असलेला नाला दुपारी वितळलेल्या बर्फाने गुडघ्यावर येतो. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला अडकवलेल्या सामानाच्या पिशव्या, काढून त्या आधी पलीकडे पोहोचवाव्यात, नंतर सायकल नेताना ती प्रवाहाच्या खालच्या बाजूस ठेवून आपण वरच्या बाजूस राहावे, म्हणजे पाण्याच्या जोराने ती अंगावर येत नाही. अनवाणी उतरू नये; मोजे काढून बूट तेवढे घालावेत.

या दगडांचा मार टायरांपेक्षा कॅरिअरला अधिक बसतो. छोटा दाराच्या अलीकडे माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट फ्रेमच्या भोकातच तुटला आणि उरलेला तुकडा तिथे काही केल्या निघेना, तेव्हा तार आणि दोन होज क्लिपांवर मनालीपर्यंत निभावले. म्हणून पाच मिलिमीटरचे जादा बोल्ट, नायलॉनच्या नटांसह, अवश्य न्यावेत. शिवाय डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), ब्रेक पॅडच्या दोन जोड्या आणि काही स्पोकही. टायर दोन इंचांहून अरुंद नसावेत, आणि पुढचे सर्वांत लहान दातेरी चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राहून लहान असावे. आमच्यातील एकाची सायकल याला अपवाद होती आणि नाकोचा बराचसा चढ त्याने ढकलतच काढला.

ग्राम्फूहून रोहतांग (३,९७८ मीटर) ओलांडणे शक्य आहे, पण ते अवघड वाटल्यास परिवहनच्या बसच्या टपावर सायकल चढवता येते. टपावर इतरांचेही सामान असते, तेव्हा डिरेलरची बाजू वर ठेवून आपल्याच दोरीने सायकल घट्ट बांधावी आणि थांब्यांवर खाली उतरून गाठी तपासाव्यात.