सहा मॉप आत आहेत

इंदूरजवळच्या पीथमपूरची रात्रपाळी संपवून घरी येताना राऊ सर्कलजवळ एका कामगाराची बाइक ट्रॉलीवर आदळली. बाहेरून जखम जवळजवळ नाहीच. उजव्या बरगडीखाली हँडलच्या टोकाचा गोल, निळसर वळ. अशा वळाची मला धास्तीच वाटते. वरचं बीपी 70, नाडी 140, सोनोग्राफीत यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी पट्टी, म्हणजे रक्त.

हल्ली यकृताच्या बहुतेक जखमा आम्ही कापत नाही. बीपी टिकत असेल तर सीटी करायचा, आयसीयूत नजर ठेवायची. यकृत स्वतःला बऱ्यापैकी सांधतं. पण याचं बीपी रक्त चढवलं की वर यायचं आणि पुन्हा घसरायचं. थेट थिएटर गाठलं.

पोट उघडलं तसं रक्त उसळलं. चारी बाजूंनी मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, कोंबले आणि असिस्टंटला सांगितलं, दोन्ही हातांनी यकृत दाबून धर. मी यकृताकडे जाणारी धमनी आणि पोर्टल शीर दोन्ही एकत्र बोटांत पकडल्या. ग्लासगोच्या प्रिंगलनं 1908 मध्ये लिहून ठेवलेली ही युक्ती आजही पहिली आठवते. रक्तस्राव बराच ओसरला, म्हणजे यकृतामागच्या मोठ्या शिरा बहुधा शाबूत होत्या. उजव्या भागात खोल चीर दिसली. टाके घालायला हात शिवशिवत होते. तेवढ्यात भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "तापमान 34, रक्तात आम्ल वाढलंय, गुठळी धरत नाहीये. आवरा."

आवरलं. थंड पडलेल्या, रक्त न गोठणाऱ्या शरीरात सुई जिथे टोचाल तिथून नवा झरा लागतो. चिरेच्या कडा जुळतील अशा बेतानं यकृताच्या वर-खाली सहा मॉप बसवले. फार आवळले तर मागची महाशीर दबते आणि हृदयाकडे रक्तच परतत नाही. पोट न शिवता सलाइनची निर्जंतुक पिशवी उभी कापून कडांना टाचली.

खरी कसोटी बाहेर होती. आई एवढंच म्हणाली, "शिवलं नाही? म्हणजे आशा सोडली का?" मामा मात्र भडकले. "अहो डॉक्टरसाहेब, पोटात कापड राहिलं तर पेपरात बातमी येते. तुम्ही तर सांगून ठेवताय!" केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला मॉपचा आकडा त्यांना दाखवला, मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो हेही सांगितलं. त्यांनी पानाचा फोटो काढून घेतला. बरंच केलं.

48 तासांनी शरीर गरम, रक्त गोठू लागलेलं. गुठळ्या उपटून येऊ नयेत म्हणून कोमट सलाइननं भिजवत एकेक मॉप सोडवला. पाचवा पित्तानं पिवळा झाला होता. तिथे नळी ठेवली, सहा मोजले, पोट शिवलं. नळीतून पित्त काही दिवस झिरपत राहिलं आणि आपसूक थांबलं.

टाके काढायला आला तेव्हा तोंड पाडूनच होता. मामांनी बाइक विकून टाकली होती.