जुन्या व्ही-८ इंजिनाला सिलिंडर हेडचे स्टड बसवताना

फोर्डचे साइड-व्हॉल्व्ह व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आले. सुरुवातीला त्याच्या एकेका हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) २१ स्टड असत, म्हणजे हेड इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ब्लॉकवर, धरून ठेवणारे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे. १९३८ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. माझे इंजिन नंतरच्या प्रकारचे आणि त्याची हेड ॲल्युमिनियमची, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मिळून ४८ स्टड बदलायचे होते. जुने स्टड काढण्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. गंज सोडवणारे तेल पुरेसे मुरू द्यावे, स्टडच्या भोवतालचा ब्लॉक गरम करावा आणि एकाच दिशेने जोर न लावता स्टड थोडा पुढे, थोडा मागे फिरवत सैल करावा.

खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि ते भोकांचे होते. या इंजिनात स्टडची बहुतेक भोके थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळते त्या पोकळीत, उघडतात, त्यामुळे आट्यांमध्ये वर्षानुवर्षांचा गंज आणि क्षार घट्ट बसलेले असतात. अशा ठिकाणी नवे आटे पाडण्याचा टॅप चालवण्याचा मोह मी मुद्दाम टाळला, कारण तो घाणीबरोबर ओतीव लोखंडही कापतो आणि नव्या स्टडची पकड सैल होते. आट्यांचा आकार कायम ठेवून फक्त मळ काढणारा चेसर मी वापरला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत तो खाली न्यायचा, बाहेर काढून त्याच्या खाचांतला तांबूस चिखल पुसायचा, भोकात हवेचा झोत मारायचा आणि नवा स्टड नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत उतरेपर्यंत हेच पुन्हा करायचे. जी भोके तळाशी बंद असतात, त्यांत तेलाचा किंवा पाण्याचा थेंबही राहू देऊ नये. स्टड आवळताना त्या द्रवाला जायला जागा मिळत नाही आणि त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

जुन्या ब्लॉकमध्ये आणखी एक गोष्ट आढळते. अनेक वर्षांच्या ताणाने भोकाच्या तोंडाशी असलेला पहिला आटा वर ओढला जातो आणि तेथे बारीक उंचवटा तयार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण सरळ पट्टी आडवी ठेवली की तिच्याखालून येणारा प्रकाश तो दाखवून देतो. अशा भोकांच्या कडा मी हलक्या हाताने उतरत्या केल्या, नाहीतर हेड आणि ब्लॉक यांच्यामधली फट बंद करणारे गॅस्केट नेमके तेथेच नीट दबले नसते.

हे स्टड ७/१६ इंच व्यासाचे आहेत. ब्लॉकमध्ये जाणाऱ्या टोकाला इंचाला १४ आटे, तर नटाच्या टोकाला २०. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने त्यात जाड आटे अधिक भार पेलतात, आणि बारीक आट्यांमुळे नट आवळताना ताण अचूक देता येतो. ब्लॉककडच्या आट्यांना न सुकणारे सीलंट लावून मी स्टड हातानेच बसवले. काहीजण दोन नट एकमेकांवर घट्ट करून स्टड जोराने आवळतात. मला ते पटत नाही, कारण हेड दाबून धरणारा ताण वरच्या नटामुळे येतो आणि तळाशी जोर देऊन स्टड वाकडा उभा राहण्याचीच शक्यता वाढते. प्रत्येक स्टड गुण्या लावून तपासला. ॲल्युमिनियमचे हेड गंजलेल्या स्टडवर पक्के धरून बसते, म्हणून मधल्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरून बसू न देणारा लेप) लावले. त्यानंतर हेड कोठेही न अडकता खाली उतरले.

नट आवळताना टॉर्क रेंचवरचा (आवळण्याचा जोर आकड्यात दाखवणाऱ्या पान्यावरचा) बहुतांश जोर घर्षणातच खर्च होतो, त्यामुळे एक नट कोरडा आणि दुसरा तेल लावलेला असेल, तर आकडा एकच दिसूनही ताण वेगळा पडतो. म्हणून सगळ्या नटांना आणि खालच्या कडक वॉशरना एकच तेल लावले आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना जात, तीन टप्प्यांत, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत पोहोचलो. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड झाल्यावर त्याच क्रमाने नट पुन्हा तपासले. काही नट किंचित फिरले. शेवटी प्रत्येक नटाच्या बुडाशी कागदाचा कोरडा तुकडा दाबून पाहिला. पुढच्या बाजूचा एक ओला निघाला, तेव्हा पाणी काढून तेवढा स्टड नव्या सीलंटसह पुन्हा बसवला आणि त्या बाजूचे सगळे नट पुन्हा क्रमाने आवळले.