ग्रहणातली उजळणी

आमच्या चाळीत विंचू कधीच निघाला नाही. झुरळं, घुशी, पावसाळ्यात मोरीतून वर येणारी गांडुळं, सगळं होतं, विंचू नाही. तरीही आजोबा लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर चाळीस वर्षं विंचवाचा मंत्र राखून बसले होते.

तो त्यांना गावी, कणकवलीकडे, कुणा म्हाताऱ्याने दिला होता. अटी तीन. मोठ्याने म्हणायचा नाही, उतरवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि प्रत्येक ग्रहणात पाण्यात उभं राहून त्याची उजळणी करायची. एक ग्रहण चुकलं की मंत्र गेला. मुंबईत नदी कुठली आणायची, म्हणून आजोबा गॅलरीत बालदी ठेवून तीत पाय बुडवायचे. दोन पाय एका बालदीत नीट मावत नसत, त्यामुळे ते बगळ्यासारखे अवघडून उभे असत.

११ ऑगस्ट १९९९ चं सूर्यग्रहण मला त्या बालदीमुळेच आठवतं. नेमकी दिव्याची अवस, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांची गटारी ग्रहणात सापडलेली. सुटेपर्यंत कुणाला काही तोंडात घालता येईना. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरवर मी ‘बाल्डर्स गेट’ खेळत होतो. पाच सीड्यांचा गेम, मित्राकडून आठवड्याच्या बोलीवर आणलेला. आजी म्हणाली, ग्रहणात यंत्र लावू नये. मी आवाज बंद केला आणि धर्म पाळला.

माझा जादूगार तेव्हा पहिल्या लेव्हलचा होता. ज्यांनी तो काळ खेळलाय त्यांना कळेल. अंगात चार हिट पॉइंट, म्हणजे एक-दोन फटक्यांपुरता जीव, हातात एक काठी आणि डोक्यात मंत्र एक. एकच. तो टाकला की डोकं रिकामं. मग आठ तास झोपायचं, तेव्हा तो परत पाठ होणार. रानात झोपलात तर मध्येच कुणीतरी चावायला येणार, मग पुन्हा झोप. फ्रेंडली आर्म नावाच्या सराईच्या पायऱ्यांवर टार्नेश हा मारेकरी उभा असतो. त्याच्या हातून मी इतक्या वेळा मेलो की तो मला चाळीतलाच कुणी वाटू लागला.

आजोबा बालदीतून पाय काढून आत आले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “ह्यो म्हातारो सारखो झोपता कित्याक रे?”

“मंत्र पाठ करायला. एकदा म्हटला की विसरतो.”

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. पाय पुसत म्हणाले, “मगे बरोबर.”

ही विसरण्याची युक्ती मुळात जॅक व्हान्स या अमेरिकी लेखकाची. १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’मधल्या जादूगारांच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात आणि उच्चारताच ते पुसले जातात. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाने ती उचलली, तिथून ती कॉम्प्युटरवर आली. कणकवलीच्या म्हाताऱ्याचा यात काही हात नसावा.

पण पाठ करणं ही दुसरी पायरी. आधी मंत्र वहीत उतरला पाहिजे. सापडलेला स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, वाचून जादूगार तो आपल्या पोथीत उतरवतो, आणि ते जमेलच असं नाही. माझ्या जादूगाराची बुद्धी अठरा, म्हणजे माणसाला घेता येईल तेवढी, तरी यशाची शक्यता ८५ टक्के. चुकलं तर स्क्रोलही गेला. शहाणे खेळाडू आधी बुद्धी वाढवणाऱ्या औषधाची बाटली रिचवून मग वाचायला बसतात. दहावीला आई पहाटे भिजवलेले बदाम द्यायची, तोच प्रकार. फक्त बाटलीचा परिणाम लगेच दिसतो. मी बाटल्या वाचवायचो आणि गेम सेव्ह करून स्क्रोल वाचायचो. फसला की लोड. हे पाहिल्यावर मात्र आजोबांचा चेहरा उतरला. “परीक्षेक असा चालता काय?”

उजळणीची अट मला पुढे कॉलेजात ‘नेटहॅक’मध्ये भेटली. १९८७ पासूनचा गेम, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. त्यात शिकलेला मंत्र वीस हजार चाली डोक्यात राहतो. मग पुस्तक पुन्हा वाचा. आपल्या कुवतीबाहेरचं पुस्तक उघडलंत तर ते शिक्षा करतं. कधी आंधळं करतं, कधी तुम्हाला उचलून भलतीकडे टाकतं, कधी तोंडावर फुटतं, आणि एखादं चक्क खिशातले पैसे पळवतं. (शेवटचं करणारी पुस्तकं मी क्लासवाल्यांकडेही पाहिली आहेत.)

त्यापुढचे गेम मला जरा लाडावलेले वाटतात. ‘स्कायरिम’मध्ये पुस्तक उघडलं की मंत्र आला आणि पुस्तक गायब. घोकणं नाही, चुकणं नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये मंत्राच्या दर लेव्हलमागे पन्नास मोहरा मोजल्या की जादूगार तो वहीत उतरवून घेतो, आगीचा गोळा तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे दीडशे. तो गेम २०२३ चा, आजोबांनी पाहिला नाही. पाहिला असता तर निकाल मला माहीत आहे: “पैशे घेतले की मंत्र लागणा नाय.”

‘मॉरोविंड’ मात्र त्यांनी पाहिला आणि पोटभर हसले. सुरुवातीच्या गावाबाहेर पाऊल टाकलं की वरून किंकाळी येते आणि एक जादूगार आभाळातून धप्पकन समोर पडून मरतो. त्याच्या अंगावर तीन स्क्रोल निघतात. त्याने उडीचा मंत्र स्वतः शोधून काढलेला; उडीचं कौशल्य एकदम हजार अंकांनी वाढतं, पण सातच सेकंद. उडीला सात सेकंद पुरतात, उतरायला पुरत नाहीत. जीव वाचवायचा असेल तर जमीन टेकण्याआधी हवेतच दुसरा स्क्रोल वाचावा लागतो. आजोबांनी मला तीन वेळा मरायला लावलं आणि म्हणाले, “तेका उतरवचो मंत्र कोणी दिल्यान नाय.” विंचू उतरवणाऱ्याला हे आधी दिसणारच.

त्यांचा मंत्रावर किती विश्वास होता, हे मला नीट सांगता येणार नाही. विंचवाच्या विषावर प्राझोसिनची गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, त्याचं कात्रण आजोबांच्या पाकिटात होतं. गावाहून कुणी आलं की त्याला ते वाचून दाखवायचे. पुढचं ग्रहण आलं की पुन्हा बालदी.

‘बाल्डर्स गेट’च्या त्या दिवसांत मला एकच मंत्र आवडायचा, झोप पाडण्याचा. लांडगे असोत की दरोडेखोर, सगळे जागच्या जागी आडवे. मग एके दिवशी एका तळघरात सांगाडे आले. मी थाटात मंत्र टाकला. सांगाड्यांना झोप लागत नाही.

त्या ग्रहणाच्याच पावसाळ्यात एका दुपारी शेजारच्या काकू हात धरून ओरडत आमच्या दारात आल्या. काहीतरी चावलं होतं. आजी म्हणाली, “अहो, उठा!” आजोबा उठले. सदरा घातला, चूळ भरली, काकूंना पाटावर बसवलं. गॅलरीत माणसं जमली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आजोबांनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले, आणि कुणीतरी म्हणालं, “गांधीलमाशी होती हो, दांडीवरच्या कपड्यांत.”

आजोबांनी डोळे उघडले. “ह्यो इंचवाचो,” ते म्हणाले. “गांधीलमाशीचो माका येणा नाय.”

आजीने पानाच्या डब्यातला चुना लावला. काकू चहा पिऊन गेल्या.

रात्री अंधारात त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या म्हाताऱ्याक किती मंत्र येतत?”

“वहीत नऊ आहेत. पण पाठ दोनच करता येतात.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले.

“आणि हवो तो तिसरोच असता,” आजोबा म्हणाले, आणि कुशीवर वळले.