चिखलीतलं छप्पर, मिरगाच्या आत

आमच्या घरात सुतारकाम तीन पिढ्यांचं. मी स्वतः बारा वर्षं फर्निचर करतोय: कपाटं, पलंग, दारं-खिडक्या. छपराचं काम मात्र घेत नव्हतो. माझे काका छपराचे नावाजलेले मिस्त्री. मी शाळेत असताना एका कामावर ते वाश्यावरून घसरून खाली पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून ते कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात पाटावर बसून इतरांच्या करवतींना धार लावतात. मी छपराचं काम धरायचं म्हटलं की आईचा चेहरा उतरायचा, म्हणून मी धरतच नव्हतो.

यंदा मार्चमध्ये प्रयाग चिखलीच्या एका मावशींचा निरोप आला. त्यांचं कौलारू घर 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत बुडालेलं. पाणी ओसरलं, भिंती टिकल्या, पण खांबांची बुडं कुजली, दोन कैच्यांना, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांना, वाळवी लागली आणि आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं लांब लाकूड, मधोमध वाकलं. "मिरगाच्या आत घर झाकून दे बघ. पावसात मी कुठं जातो आता?" मावशी म्हणाल्या. पंचगंगेच्या काठची माणसं पावसाळा बोटांवर मोजतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी हो म्हणालो आणि घरी येऊन काकांसमोर बसलो.

काकांनी लाकडाबद्दल एक शब्द विचारला नाही. भिंतीची उंची किती, एवढंच विचारलं. साडेदहा फूट, मी सांगितलं. मी लक्ष्मीपुरीतून फुल बॉडी हार्नेस, म्हणजे उंचावर काम करताना अंगात घालायचा पट्ट्यांचा आणि दोराचा साज, आणला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोर हातात घेऊन वितीनं मोजला आणि म्हणाले, "ह्यो उघडुस्तवर तू जमिनीवर आलास की रं."

मला ते पटेना, म्हणून कागदावर मांडून बघितलं. दोर 1.8 मीटर. पडताना झटका बसू नये म्हणून त्याला जो शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो, तो उघडला की आणखी दीड-पावणेदोन मीटर. त्यात माणसाची स्वतःची उंची आणि थोडी शिल्लक धरली, तर पायांच्या पातळीला दोर बांधलेल्या माणसाला खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. आमच्याकडे होती सव्वातीन मीटर. पाच-सहा मजली बांधकामावर जीव वाचवणारी वस्तू बैठ्या घरात, चुकीच्या जागी बांधली, तर काहीच कामाची नाही. हे मला कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नव्हतं. "दोर बांध, पण आधी पायाखाली फळी घाल," काका म्हणाले. पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं.

म्हणून आधी परांची, म्हणजे वर उभं राहून काम करायला बांबू-फळ्यांचा मांडव. घराच्या आत, भिंतीच्या माथ्यापासून दोन फूट खाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग. बांबूंना आडवे-तिरके बांबू काथ्यानं आवळले आणि वर दोन इंची फळ्या एकमेकींना चिकटवून टाकल्या. फळीचं टोक बांबूच्या बाहेर वीतभर ठेवलं आणि दोन्ही टोकं बांधली. टोक जास्त बाहेर राहिलं आणि त्यावर पाय पडला, की फळी तराजूसारखी उलटते. कडेला कमरेएवढा कठडा, आणि पायाशी सहा इंचांची पट्टी, म्हणजे पटाशी किंवा हातोडा घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडणार नाही. यात अडीच दिवस गेले. मावशींचा जीव वरखाली होत होता. "मांडवच घालतोस की काय रं?" असं त्या दोनदा बोलून गेल्या. त्यांची घाई मला कळत होती. पण ते अडीच दिवस मी पुन्हाही तसेच घालवीन.

जुनं छप्पर उतरवणं हा या कामातला सर्वांत वाईट भाग. कौलं दोन्ही पाख्यांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, सारखीच उतरवत गेलो, एकाच बाजूनं उतरवली तर आधीच कमजोर झालेली कैची दुसरीकडे झुकते. कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, निघायला लागल्या तसे खिळे दिसू लागले. जुने, गंजलेले, वर तोंड करून पडलेले. माझा नियम साधा होता: रिप खाली आली की त्याच मिनिटाला जंबुरानं खिळा काढायचा आणि डब्यात टाकायचा. रिपांचा ढीग लावून खिळे संध्याकाळी काढायचे नाहीत. बिगारी पोरगं पहिल्या दिवशी कोल्हापुरी पायताण घालून आलं होतं. कामावर बूट लागतात, आणि तेही नुसते पुढे लोखंडी टोपी असलेले नव्हे, तळव्यात पोलादी पत्रा असलेले. टोपी वरून पडणाऱ्या ओझ्यासाठी, पत्रा खालून घुसणाऱ्या खिळ्यासाठी. त्याचे बूट मी माझ्या पैशानं घेतले, ते मजुरीतून कापले नाहीत.

जुना सागवान इतका चांगला होता की फेकायला मन होईना. वाळवी लागलेला भाग कापून तुळया पुन्हा वापरायच्या ठरवल्या. अंगणात चुन्यानं सबंध कैची खऱ्या मापात आखली: सोळा फुटांची आडवी तुळई, दोन तिरके पाय, मध्ये साडेचार फूट उंचीचा खांब. काटकोन 3-4-5 बाजूंच्या त्रिकोणानं तपासला, कारण एवढ्या लांबीला गुण्या पुरत नाही. जोड सगळे जमिनीवरच केले, एका लाकडात भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू, पटाशी-मोगरीनं. वर जाऊन जेवढं कमी कापावं लागेल तेवढं बरं.

तिसऱ्या तुळईला ते घडलं. मी वाकसानं, म्हणजे तासायच्या हत्यारानं, तुळई तासली होती, कडेकडेनं हात फिरवला होता, चार खिळे काढलेही होते. पाचवा डोकं तुटून लाकडात बुडालेला. सर्क्युलर मशीनचं पातं त्याच्यावर गेलं. आधी आवाज बदलला, भरभर चालणारा आवाज एकदम किंचाळल्यासारखा झाला. मशीन माझ्याकडे उसळलं, ठिणगी उडाली आणि उजव्या डोळ्यासमोर टक् झालं. बटण सोडलं, पातं थांबेपर्यंत हललो नाही. मग गॉगल काढला. काचेवर, बरोबर बुबुळासमोर, तांदळाच्या कणीएवढा खड्डा होता. पात्याच्या दाताचं कार्बाइडचं टोक तुटून तिथं आपटलं होतं. मी गॉगल हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसलो. मावशींनी पाणी आणून दिलं.

मी मशीनच्या रेषेत उभा नव्हतो, एका बाजूला होतो, म्हणून उसळलेलं मशीन मांडीजवळून गेलं. आणि हातात मोजे नव्हते. रिपा उचलायला, कौलं उतरवायला मोजे हवेतच. पण फिरत्या पात्याजवळ मोज्याचा एक धागा अडकला तरी पातं बोटांसकट ओढून घेतं. तिथं उघडा हातच बरा. त्या संध्याकाळी बाजारातून एक छोटं लोहचुंबक आणलं. दोऱ्याला बांधून ते प्रत्येक जुन्या तुळईवरून फिरवलं आणि आणखी दोन बुडालेले खिळे सापडले.

उन्हात गॉगलवर वाफ धरते म्हणून पोरं तो कपाळावर चढवतात. बाजूंना भोकं असलेला गॉगल घेतला आणि मशीनचं काम सकाळी सात ते अकरा केलं, तेव्हा तो डोळ्यांवर राहू लागला. नाकाला रुमाल बांधायची सवय मात्र मलाच सोडावी लागली. सागवानाच्या बारीक भुशानं मला शिंका येतात, हे मी वर्षानुवर्षं सहन करत होतो. लाकडाची धूळ नाक आणि सायनसच्या कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत आहे, आणि रुमालातून ती सरळ आत जाते. आता एन-95 मास्क वापरतो.

विजेचं थोडक्यात सांगतो. घरातून ओढलेल्या वायरला मध्ये जोड नको, आणि बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, हवा. आम्ही तो नवीन बसवला.

कैच्या चढवायच्या दिवशी सहा जण होतो. कप्पी, दोन दोर आणि एकच माणूस हुकूम देणारा, बाकी सगळे गप्प. पहिली कैची उभी राहिली की काम संपल्यासारखं वाटतं, पण खरा धोका तेव्हाच असतो. तिला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू ठोकून होईपर्यंत कुणी दोर सोडायचा नाही. नाहीतर ती आडवी होते आणि पुढची चढवलेली असेल तर तिलाही घेऊन जाते.

हार्नेस कामी आला तो रिपा मारताना. आढं पक्कं बसल्यावर कैचीच्या जोडाशी पट्टा गुंडाळला आणि दोर इतका आखूड ठेवला की माणूस वळचणीच्या पुढे जाऊच शकत नाही. आत पडला तर खाली परांची, बाहेर जायला दोर पुरत नाही. कौल प्रत्यक्ष ठेवून रिपांचं अंतर काढलं, साडेबारा इंचांच्या आसपास आलं, आणि ठोकत गेलो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचं कौल बसलं. दुसऱ्या दिवशी काकांना रिक्षानं चिखलीला आणलं. मावशींनी खुर्ची आत ठेवली. परांची अजून सोडायची होती, फक्त मधल्या चार फळ्या काढल्या होत्या. त्या फटीतून काका वर बघत बसले, पहिल्या कैचीपासून शेवटच्या कैचीपर्यंत, एकेक जोड. मग विचारलं, "दोर कुठं बांधला हुतास?" मी काठीनं आढ्यावरची जागा दाखवली. पट्ट्यानं लाकडाचं तेल पुसून तिथं बोटभर रुंदीची फिकट खूण उमटली होती. "तेवढं पुसू नगंस," काका म्हणाले आणि मावशींकडे चहा मागितला.