डम्पवर झुडपं उगवली, पण तक्त्यात बसेनात

वर्धा खोऱ्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीच्या डम्पवर, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगावर, तरवड, मुरूडशेंग, धायटी, निरगुडी, बोर आणि पळस लावायचं काम आम्ही केलं. झुडपांनी वेळेवर मूळ धरलं. कागदावर ती मान्य करून घ्यायला मात्र दोन पावसाळे गेले, आणि त्याचा राग अजून आहे.

जमिनीची कामं एका उन्हाळ्यात उरकली. डंपरच्या चाकांनी डम्पचा माथा इतका दाबला जातो की पहार आत शिरत नाही, म्हणून रिपरने (यंत्राला लावलेल्या लोखंडी दाताने) दोन फूट फोडून घेतला. उतार २८ अंशांच्या आत आणला. वरून चार-सहा इंच ताजी वरमाती, म्हणजे जमिनीचा वरचा सुपीक थर, पसरली. वरमाती वर्षानुवर्षं उंच ढिगात साठवली की तिच्यातलं बी आणि जिवाणू मरतात. जिथून ताजी उचलली, तिथली पवना आणि मारवेल ही गवतं न पेरताच उगवली.

अडलं ते जिवंत रोपांच्या तक्त्यावर. हेक्टरी २,५०० झाडं ही अट, म्हणजे २ बाय २ मीटरवर एक खड्डा. रकाने चारच: प्रजाती, लावलेली रोपं, जिवंत रोपं, सरासरी उंची. जागेवर बी टाकून उगवलेल्या झुडपाला यात जागाच नाही. मंजुरी देणाऱ्यांकडून तक्ता तीनदा परत आला. पहिला शेरा ‘झाडांची संख्या नमूद करावी’, दुसरा ‘उंची अपुरी’. तरवड छातीपर्यंत वाढला तरी पुष्कळ, त्याची उंची आणणार कुठून? तिसऱ्यांदा तोंडी सल्ला मिळाला: सुबाभूळ लावून टाका, आकडा भरेल. आकडा भरतो हे खरं. पण त्याचं बी पडून त्याचंच रान माजतं आणि खाली दुसरं काही तग धरत नाही. उताराची माती धरून ठेवतात ती झुडपं आणि गवत.

शेवटी त्यांच्याच आकड्याच्या भाषेत उत्तर दिलं. हेक्टरी ९०० खड्डे, साधारण ३.३ मीटर अंतरावर. खड्ड्यांमधली जागा पेरणीची. पेरलेल्या भागात ५ बाय ५ मीटरचे चौकोन आखले, कोपऱ्यांना रंगवलेले दगड रोवले आणि प्रत्येक चौकोनातली पेरणीतून उगवलेली झुडपं मोजली. सरासरी चार आली. हेक्टरात असे ४०० चौकोन बसतात, म्हणजे १,६०० झुडपं. खड्ड्यांतली ९०० धरून २,५०० पूर्ण. दरवेळी त्याच दगडापासून काढलेले अक्षांश-रेखांशासह फोटो जोडले. तक्ता मंजूर झाला. तुम्ही हे पहिल्याच वर्षी करा. दगड पेरणीच्या दिवशीच रोवा आणि चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडा, नाहीतर चांगलेच निवडले असा आक्षेप येतो.

बियांचं सांगायचं राहिलं. तरवड आणि मुरूडशेंगेचं कवच कठीण; उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, फुगलेलंच बी पेरा. बोराची आठोळी हलकेच फोडावी लागते. धायटीचं बी धुळीसारखं बारीक. ते डम्पवर टाकलं तर पहिल्या सरीत वाहून जातं. बारीक रेतीत मिसळून रोपवाटिकेत ट्रेमध्ये उगवा. निरगुडीला छाटकलमं पुरतात. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये पिकतात, बी ताजंच थेट खड्ड्यात लावा. सोटमूळ खोल जात असल्याने पिशवीत वाढवण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारी संपायच्या आत तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत नसलेली पट्टी, काढा, कारण वाळलेली पवना एका ठिणगीने पेटते. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून भोवती चर हवाच.

आणि मोजणी मे महिन्यात होऊ देऊ नका. पळसाचं रोप पहिली काही वर्षं उन्हाळ्यात वरून वाळतं. आमच्या तक्त्यात मेलेले म्हणून नोंदवलेले कितीतरी पळस जुलैमध्ये त्याच खड्ड्यांत मुळापासून फुटले होते. तारीख ऑक्टोबरची मागून घ्या, आणि लेखी घ्या.