मठ्ठा, मीठ आणि घमेली

उद्या वस्तीतल्या अभ्यासिकेची भिंत श्रमदानातून उचलायची आहे. म्हणून आज सकाळी 7 लाच दुपट्टा बांधून स्कूटर काढली. नागपूरच्या मे महिन्यात 10 नंतर कोणाच्या दारात मागायला उभं राहणं म्हणजे दोघांचेही हाल.

सामानाचं लवकर जमलं. इतवारीतल्या ओळखीच्या दुकानदाराने सिमेंटच्या 2 बॅगा दिल्या, एका मिस्त्रीने घमेली आणि थाप्या उसन्या दिल्या. (थाप्या मोजून दिल्या. अनुभव असावा.)

प्यायचं मात्र अवघड गेलं. एका दुकानातून ज्यूसचा अख्खा खोका मिळाला, मी खूश! घरी येऊन तारीख पाहिली तर मार्चमध्येच संपलेली. दान की साफसफाई, देव जाणे.

मग कोल्ड्रिंकसाठी वर्गणी काढतोय म्हटल्यावर शेजारच्या काकू भडकल्याच. "उन्हात माणसं खपतीन अन् तू कोल्ड्रिंक पाजून राहिला का रे? मठ्ठा नेजो माह्याकडून." 20 लिटर! शिवाय कैरीचं पन्हं. खालच्या आजोबांनी साखर-मीठ दिलं: 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, हे तीनदा बजावून.

आता रात्रीचे 11 वाजलेत आणि बर्फाची लादी कोणाच्या कूलरच्या टाकीत ठेवायची यावर ग्रुपवर भांडण चालू आहे. विटा भिजवायला 6 ला या. ग्लास आपापला आणा, डिस्पोजेबल कोणी दिले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत.